कुटुंबासाठी १२ वर्षं जुनी एसयूव्ही घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १२ वर्षं जुनी, १,६०,००० किलोमीटर चाललेली, सात सीटची, डिझेल, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी एक एसयूव्ही तुमच्या मनात भरली आहे. घरात सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, आई-वडील अधूनमधून सोबत. रोजचं काम म्हणजे शाळा आणि ऑफिस, एका वेळेला पाच-सहा किलोमीटर. वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास. तेवढ्याच पैशांत पाच वर्षं जुनी लहान गाडीही मिळते आहे. कोणती घ्यावी?

मी २२ वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, आणि त्यातली निम्मी वर्षं लोकांना जुन्या गाड्या तपासून देतोय. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागून. तुम्ही जी गाडी सांगितलीत आणि जो वापर सांगितलात, त्यांची जोडी जमत नाही. अडचण वयाची नाही, किलोमीटरचीही नाही. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या आणि डिझेल इंजिन, ही अडचण आहे. मोठी गाडी हवीच असेल तर त्याच वयाची पेट्रोल बघा. तरीही मन याच गाडीवर असेल तर कोणत्या अटींवर घेता येईल तेही सांगतो.

रनिंगच्या आकड्यावर फार अडू नका. १,६०,००० भागिले १२ म्हणजे वर्षाला साधारण १३,३०० किलोमीटर, यात वावगं काही नाही. इंजिनाचे लोखंडी भाग चालण्याने झिजतात, पण रबर आणि प्लॅस्टिक नुसत्या वयाने मरतं. कूलंटचे पाइप, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, दारांची रबरं, वायरिंगची आवरणं हे सगळं गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. त्यामुळे "१२ वर्षांत फक्त ४०,००० चालली आहे" हे ऐकून खूश होणारी माणसं मला काळजीत टाकतात. ऑइल वेळेवर बदललेली, दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी मी डोळे मिटून पास करीन, पण वर्षानुवर्षं कव्हरखाली उभी राहिलेली गाडी दोनदा तपासल्याशिवाय नाही.

आता खरा पहिला टप्पा. गाडीत मुलं बसणार आहेत, तेव्हा इंजिनाच्या आधी सुरक्षितता बघायची. गाडी इथे नापास झाली तर पुढचं काही बघायचंच नाही, इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी.

एसयूव्ही उंच असते, आणि उंच गाडी उलटायला सोपी असते. याचं साधं गणित आहे. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर घ्यायचं आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. साध्या कारचं उत्तर बहुधा १.३ ते १.५च्या दरम्यान येतं, एसयूव्हीचं १.० ते १.३च्या. आकडा जितका लहान तितकी गाडी उलटण्याकडे झुकलेली. अचानक कोणी आडवं आलं, स्टिअरिंग एकदम फिरवलं आणि लगेच उलटं फिरवलं, की हा फरक जाणवतो. त्यातून टपावर कॅरिअर आणि त्यावर बॅगा असतील तर गुरुत्वमध्य आणखी वर जातो.

यावरचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे ईएससी, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून तिला रेषेवर आणते. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती १९९५मध्ये आणली. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची झाली. आयआयएचएस या अमेरिकी संस्थेच्या अभ्यासात एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका ईएससीमुळे जवळपास निम्मा झाल्याचं दिसलं, आणि एसयूव्ही उलटण्याच्या अपघातांत फायदा त्याहून मोठा. तुमची गाडी नेमकी या बदलाच्या उंबरठ्यावरची आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला ईएससी आणि खालच्याला नाही, असं त्या काळात सर्रास होतं. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. किल्ली ऑनवर फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि मीटरमध्ये घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह पेटतं का बघा. ते काही सेकंदांनी विझलं पाहिजे किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझलं पाहिजे. पेटलंच नाही तर यंत्रणा नाही, किंवा असून कोणीतरी दिवा मारून टाकला आहे. ईएससी नसलेली जुनी एसयूव्ही कुटुंबासाठी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

त्याच वेळी एअरबॅगचा लाल दिवाही बघायचा, आणि जरा थांबून बघायचा. एक गाडी मी तपासत होतो, कुटुंब बाहेर उभं, मुलं मागच्या सीटवर चढून बसलेली. किल्ली ऑन केली, एअरबॅगचा दिवा लागला. इंजिन सुरू केलं, विझला. सगळं ठीक वाटावं असंच. पण किल्ली नुसती ऑन ठेवून मी अर्धा मिनिट थांबलो तर दिवा तसाच. हा दिवा स्वतःची तपासणी करून काही सेकंदांत आपोआप विझायला हवा, त्याला इंजिन सुरू होण्याशी काही देणंघेणं नाही. पुन्हा इंजिन सुरू केलं, तर तो नेमका ऑइलच्या दिव्याबरोबर, त्याच क्षणी विझला. डॅशबोर्ड उघडल्यावर कळलं, एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडली होती. स्टिअरिंगच्या कव्हराखाली एअरबॅग नव्हतीच, कापडाचा बोळा होता. त्या दोन मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून हे अर्धं मिनिट मी कधी सोडलेलं नाही.

एअरबॅगचाच आणखी एक भाग आहे. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यात, अमोनिअम नायट्रेट वापरलं होतं, आणि उष्णता, दमटपणा आणि वय या तिघांनी मिळून ते इतकं बिघडायचं की एअरबॅग फुगताना इन्फ्लेटरच फुटून लोखंडाचे तुकडे अंगावर यायचे. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, आणि डझनाहून जास्त कंपन्यांच्या गाड्या त्यात होत्या. तुम्ही बघताय त्या वयाच्या गाड्याही त्यात आहेत. गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक घ्या आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरकडे बाकी राहिलेला रिकॉल आहे का ते विचारा. रिकॉलचं काम कंपनी बहुधा फुकट करून देते. क्रमांक टाइप करताना लक्षात ठेवा, व्हीआयएनमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तुम्हाला ओ दिसतोय तो शून्य आहे. हाच क्रमांक चॅसिसवर, काचेखाली आणि कागदांवर एकच आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

आता सीटा. सात सीट आहेत म्हणजे सात जण सुरक्षित बसू शकतात असं नाही. तिसऱ्या रांगेत तुम्ही स्वतः जाऊन बसा. डोक्याच्या मागे हेडरेस्ट आहे का, आणि डिकीची काच डोक्यापासून किती लांब आहे? जुन्या बऱ्याच गाड्यांत ते अंतर वीतभरसुद्धा नसतं, आणि बाजूच्या पडदा एअरबॅग दुसऱ्या रांगेपाशीच संपतात. प्रत्येक पट्टा पूर्ण ओढून बघा, बकलमध्ये अडकवून झटका द्या. दुसऱ्या रांगेतल्या मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, लावायचा नाही, त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो. तुमच्या मुलीला साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर उंची होईपर्यंत बूस्टर हवाच. मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक शोधा, चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवतात ते. हे मानक १९९९चं आहे, म्हणजे तुमच्या गाडीत असायला हरकत नाही, पण सीटच्या फटीत बोट घालून लोखंडी कडी हाताला लागल्याशिवाय मानू नका. आपली चाइल्ड सीट सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा. दोन चाइल्ड सीट लावल्यावर मध्ये आजीला बसता येतं का, हे कागदावर कळत नाही.

वजनाचंही तसंच. दाराच्या खांबावर किंवा पुस्तिकेत गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते माणसं आणि सामान मिळून. समजा ५५० किलो उरले. सरासरी ६५ किलोची सात माणसं म्हणजे ४५५. उरले ९५ किलो, आणि तिसरी रांग उघडल्यावर ते ठेवायला डिकीत जागाही उरत नाही. मग सामान टपावर जातं, आणि वरचं उलटण्याचं गणित आणखी बिघडतं. आई-वडील महिन्यातून एकदा सोबत असतील तर त्यासाठी सात सीट खरंच हव्यात का, याचा एकदा घरी बसून विचार करा.

"मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी" हे मी रोज ऐकतो. दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली तर जड गाडीतल्यांना फायदा होतो, हे खरं. पण सांगाडा कसा बांधला आहे हेही तितकंच मोठं. २००९मध्ये आयआयएचएसने १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मलिबू एकमेकींवर आदळवल्या. जुनी गाडी लांबीने मोठी, पत्रा जाड. तरी तिची केबिन चालकावर कोसळली, आणि नव्या गाडीच्या चालकाला पायाच्या किरकोळ इजेवर निभावलं असतं. तुमच्या दोन पर्यायांत ५० वर्षांचं नाही, सातच वर्षांचं अंतर आहे, म्हणून फरक एवढा टोकाचा नसेल. पण क्रॅश चाचणीचे स्टार बघताना वर्षही बघा. चाचण्या दर काही वर्षांनी कडक होत गेल्या आहेत. १२ वर्षांपूर्वीचे पाच स्टार आणि पाच वर्षांपूर्वीचे पाच स्टार एका तराजूत घालायचे नाहीत.

टायरकडे वळतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. नक्षी खोल आहे म्हणजे टायर चांगला, असं नाही. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतरच्या संकेतात शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कमी चाललेल्या एसयूव्हीवर ९-१० वर्षांचे, भरगच्च नक्षीचे टायर मी कितीदा बघितलेत. बोटाने नक्षीची खाच उघडून आत बघितलं की केसासारख्या बारीक भेगा दिसतात. सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर दिसायला कसाही असला तरी काढावा. सुटा टायरही विसरू नका, तो बहुधा सगळ्यात जुना असतो. ही नुसती कागदी भीती नाही. २०००मध्ये अमेरिकेत फायरस्टोनचे ६५ लाख टायर परत मागवले गेले. त्यातले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. वेगात टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. दोनशेहून जास्त माणसं त्यात गेली. उंच गाडी, गरम रस्ता, कमी हवा आणि कमकुवत टायर एकत्र आले की काय होतं ते तिथे दिसलं.

एवढं सगळं पास झालं तर बॉनेट उघडायचं.

तुमच्या वापराला डिझेल का नको, ते नीट सांगतो. या वयाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. काजळी साठली की इंजिन स्वतःहून ती जाळतं, त्यासाठी जाळीचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं, आणि सलग १५-२० मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. तुमच्या शाळेच्या फेरीत इंजिन धड गरमही होत नाही. जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात तुम्ही गाडी बंद करता. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो, पिकअप जातो, आणि शेवटी जाळी बाहेर काढावी लागते. दुसरा त्रास डोळ्यांना दिसत नाही. काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल मारलं जातं, आणि प्रक्रिया अर्धवट राहिली की ते पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली आणि ऑइल कमाल खुणेच्याही वर दिसलं तर "वा, भरपूर ऑइल आहे" असं समजू नका. वास घ्या. डिझेलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय, आणि पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंगं चाललीत. त्यात १,६०,००० किलोमीटर म्हणजे न जळणारी राखही जाळीत बरीच जमलेली असणार. ती फेरी मारून जात नाही, जाळी काढून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते.

सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर जाळी फुटली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे. काढलेली गाडी घेऊ नका. धूर तुमच्याच मुलांच्या नाकातोंडात जाणार, आणि प्रदूषण चाचणीत कुठे ना कुठे ती अडकणारच.

पेट्रोलला हा त्रास नाही. डिझेल खर्चाला परवडतं ते रनिंग जास्त असलं तर, आणि तुमचं आठवड्याचं रनिंग शंभराच्या आत-बाहेर आहे.

तपासणीच्या दिवशी गाडी थंड असली पाहिजे. मी पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवतो. कोमट लागलं तर विचारतो, कशासाठी सुरू केली होती? उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी येतो. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू करताना पहिली दहा सेकंदं नुसतं ऐका. पुढून साखळीचा खळखळाट येऊन दोन सेकंदांत थांबला तर ठीक, पण चालूच राहिला तर टायमिंग चेन सैल आहे. चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल तर कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी नको. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि पूर्ण हेडचं काम निघतं. धुराचं तुम्हाला माहीत असेल: निळसर म्हणजे ऑइल जळतंय, थांबत नाही असा दाट पांढरा आणि सोबत गोडसर वास म्हणजे कूलंट आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. ते उडत असेल, भकाभका हवा येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन आतून झिजलंय. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडायचं नाही. थंड असताना उघडा, कूलंट स्वच्छ रंगीत हवं. गंजाचं पाणी किंवा तेलाचा तवंग दिसला तर तिथूनच परत फिरा.

स्कॅनर लावायला सांगाच. नुसते बिघाडाचे कोड नाहीत, मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, तयार आहेत का तेही बघायला सांगा. कोणी काल रात्री कोड पुसून दिवा विझवला असेल तर मॉनिटर "अपूर्ण" दाखवतात, कारण गाडीला स्वतःची तपासणी पुन्हा पूर्ण करायला बरंच चालावं लागतं. चांगल्या स्कॅनरवर इंजेक्टरचे करेक्शन आकडे आणि डीपीएफमधली काजळी-राखही दिसते. काही गाड्यांत गिअरबॉक्स किंवा एबीएसचं युनिट स्वतःकडे किलोमीटर साठवतं. मीटर मागे फिरवणारा तिथपर्यंत जायला बहुधा विसरतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मला एकच गोष्ट सगळ्यात आधी जाणून घ्यायची असते: त्याचं ऑइल कधी बदललं? "यात आयुष्यभर बदलावं लागत नाही" हे उत्तर मिळालं तर मी ते "कधीच बदललेलं नाही" असं लिहून घेतो. ६० ते ८०च्या वेगात हलका ॲक्सिलरेटर ठेवून चालवा. खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवली तर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर गेला आहे किंवा जाण्याच्या वाटेवर आहे. डी आणि आरमध्ये टाकताना धक्का किंवा उशीर नको. ऑइल जळकट वासाचं असेल तर सोडा. गुलाबी दुधासारखं असेल तर रेडिएटरमधून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय, म्हणजे दोन्ही बदलायचे.

चारही चाकांना कायम ताकद जाणारी गाडी असेल तर चारी टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि नक्षीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक नसलेले हवेत. दोन नवे आणि दोन झिजलेले लावले की चाकांचा घेर वेगळा होतो, आणि मधलं कपलिंग दिवसभर त्या फरकाशी झुंजत तापत राहतं. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, उड्या मारत वळली तर तिथे बिघाड आहे. फोर बाय फोर हाताने जोडायची जुनी पद्धत असेल तर मात्र कोरड्या रस्त्यावर जोडून ही चाचणी करू नका, तिथे अडखळणं हा दोष नाही, ती रचनाच तशी. आणि एक मनापासून विचारतो, तुम्हाला चार चाकांची ताकद लागते का? चिखल, बर्फ, चढाचे कच्चे रस्ते नसतील तर प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस, मागचा डिफरन्शिअल एवढं सगळं तुम्ही नुसतं सांभाळत बसाल. दोन चाकांची व्हेरिअंट हलकी आणि दुरुस्तीला सोपी.

लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. वेगळी चॅसिस असलेल्या गाडीत मागच्या चाकांच्या वर, स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी गंज लपतो. नुकताच मारलेला काळा रंग दिसला तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज यायला हवा, बदबद नको. अपघातासाठी बॉनेटचे आणि फेंडरचे नट बघा, रंग उडाला असेल तर पाना लागलाय. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर कंपनीचा रंग बहुधा १०० ते १८० मायक्रॉन दाखवतो. एका दारावर एकदम ४०० आलं तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. दाराचं चालेल. खांब, छप्पर, पुढचे ॲप्रन यांना जोड असेल तर कुटुंबासाठी ती गाडी नाही, कारण टक्कर झाली तर मुलांना वाचवणारा भाग तोच.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला मी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढतो. वरचा भाग रोज हाताळला जातो, तो कोणीही धुतं. शेवटची वीतभर पट्टी मात्र गुंडाळीच्या आतच राहते. तिच्यावर आडवी मातकट रेघ आणि कुबट वास असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. सुट्या चाकाच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांखाली बारीक गाळ सापडतो. अशी गाडी आज चालते, पण वायरिंगचे जोड पुढची दोन वर्षं एकेक करून गंजत जातात.

खर्चाचं गणित असं मांडा. गाडीची किंमत ठरली की तिचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा, आणि तो काढून जे परवडतं तेच तुमचं खरं बजेट. त्यात सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट आणि वॉटर पंप, बॅटरी, बुश, बहुधा टायर येतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डीओटी ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही हद्द १५५पर्यंत येऊ शकते. सात जण घेऊन लांबचा घाट उतरताना पेडल पोकळ होतं ते यामुळे. मागच्या दोन वर्षांत बदलल्याचं बिल नसेल तर गाडी घरी आणायच्या दिवशीच बदला. आणि जड गाडीचे टायर, ब्रेक पॅड, शॉकॲब्सॉर्बर लहान गाडीपेक्षा महाग असतात, गाडी जुनी झाली म्हणून ते स्वस्त होत नाहीत.

तुमच्या दोन पर्यायांत मी माझ्या घरासाठी पाच वर्षांची लहान गाडी घेतली असती, तिला ईएससी आणि पुरेशा एअरबॅग असतील तर. आई-वडिलांसोबतच्या चार-पाच लांबच्या प्रवासांना भाड्याने मोठी गाडी घेतली असती. पण तुमच्या घरात जागेची गरज खरीच रोजची असेल, मुलीची बूस्टर, मुलाची सीट आणि आजी शेजारी शेजारी मावतच नसतील, तर हीच एसयूव्ही तीन अटींवर घ्या. ईएससी चालू आहे आणि एअरबॅगचे रिकॉल बाकी नाहीत. सर्व्हिसची बिलं सलग आहेत, त्यात गिअरबॉक्सचं ऑइल आणि टायमिंगचं काम दिसतं. आणि दर आठवड्याला एकदा तरी तुम्ही ती २५-३० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर खरंच चालवणार आहात, नुसतं ठरवणार नाही. यातली एकही अट हलली तर गाडी सोडा. विसार दिला असला तरी सोडा.

तपासायला जायच्या आदल्या रात्री विकणाऱ्याला फोन करून एवढंच सांगा: "सकाळी येतोय, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका."